सोमवारी सलून बंद असतं

काळ्यातून सोनेरीकडे जाताना
केस आधी विटकरी होतात, मग संत्री,
मग केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट.
तिथं थांबायचं.
पैसे त्या थांबण्याचे, आमचे सर म्हणतात.
धरमपेठेत, एसीत, साडेसात हजार, टोनर वेगळा.

घरी करून बघितलेल्या पोरी
संत्र्याशीच अडकतात,
आणि स्कार्फ गुंडाळून आमच्याकडे येतात,
पायरीवर थांबून विचारतात, "आत कोणी आहे का?"

मिसेस सारडा डोळे मिटून बसतात.
फॉइलची एकेक घडी मी उघडून बघते
पोळीची कड उचलून बघावी तशी.
पोळ्या त्यांच्याकडे माझी आई करते.
त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे.
आम्ही फक्त शेडच्या नंबरावर बोलतो.

मे महिन्यात आई म्हणाली,
"मलेही तसंच करून दे."
कसं?
"त्या बाईवानी."
मी हसले. ती नाही हसली.
"काहून? माह्ये केस केस नाहीत का?"

सोमवारी सलून बंद असतं.
इतवारीतून पावडर आणली, डेव्हलपर आणलं,
वाटी प्लॅस्टिकची, कारण स्टीलची चालत नाही
आणि घरात सगळ्या स्टीलच्याच,
म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा.
हातमोजे सलूनमध्येच राहिले.
पाचपावलीत, मागच्या मोरीशी, पाटावर आई,
डोक्यावर तापलेला पत्रा,
कूलर नुसताच घरघरतोय, टाकीत पाणी नाही.
भिंतीवरून शेजारच्या विशाखाची सासू,
"काय करून राहिल्या वो?"
"रंगून राहिली," आई म्हणाली,
घर रंगवतात त्या आवाजात.

केस मोकळे केले आणि पाहिलं:
वीतभर पांढरे, खाली कमरेपर्यंत काळे.
काळं म्हणजे काळी मेंदी, दहा रुपयांची पुडी,
बाबा आणायचे, दर दिवाळीला, न चुकता, दोन.
ते गेले त्या वर्षापासून
पुडी आली नाही.

मला शिकवलंय, काळी मेंदी असेल
तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं.
पावडर लागली की केस तापतात, तुटतात.
खुर्चीतल्या बाईला म्हणता येतं, सॉरी मॅडम.
पाटावरच्या बाईला?

वीतभर पांढऱ्याला ब्लीच लागलंच नाही.
नुसता टोनर, आणि पंचेचाळीस अंशांत
बाराव्या मिनिटाला रंग आला,
असा सोनेरी, की मी सलूनमध्येही
चारदाच पाहिला असेल.
खालचे मात्र विटकरीवर येऊन बसले.
हलेनात.
बोटाला चटका लागला तेव्हा धुऊन टाकले,
बादलीतलं पाणी चहासारखं.

जगातल्या सगळ्या सोनेरी बायका
मुळाशी काळ्या असतात.
माझी आई उलटी.

बाबांच्या दाढीच्या आरशात
तिनं मान वळवून वळवून पाहिलं.
"वरचं आलं ना?"
आलं.
"मंग खालचं काप."
आई, पुष्कळ आहे खालचं.
"तेच त म्हणतो."

कात्री चालताना ती बोलली नाही,
मानेवर हात फिरवून एकदाच म्हणाली,
"थंड लागते बाप्पा."

मंगळवारी सकाळी स्कार्फ गुंडाळून गेली,
उन्हात सगळ्याच जातात तशी, डोळे तेवढे उघडे.
तो कुठे सोडला, शंकरनगरच्या सिग्नलला,
की सारडांच्या किचनमध्ये, तिनं सांगितलं नाही.
दुपारी सलूनमध्ये फोन आला.
सर माझ्याकडे वळून म्हणाले,
मॅडमना पुढच्या वेळी वेगळी शेड हवीय,
तुला ठाऊक आहे म्हणतात, कुठला नंबर?

माझ्या बोटांची सालं निघत होती.
मी म्हटलं, बघून सांगते.

कापलेले केस तिनं वर्तमानपत्रात बांधून
मोरीच्या वरच्या फळीवर ठेवलेत.
घंटागाडी त्यानंतर तीनदा येऊन गेली.